वाचक विचारतात : करार कोणाशी, कोणाच्या भरवशावर?

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, देवाने माणसांशी केलेल्या करारांविषयी आलेली आठ पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. काही पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. उत्तर वाचताना पवित्र शास्त्र उघडून शेजारी ठेवलंत तर बरं, कारण वचनांचे नुसते आकडेच इथे दिले आहेत.

सलाम. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, त्यामुळे करार म्हटलं की 11 महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सच डोळ्यांपुढे येतो. देवाचा करार तसाच का? आपण अट मोडली की तोही मोडीत निघतो का? (एक वाचक, पिंपरी)

या घोटाळ्याला आपला मराठी शब्दच कारणीभूत आहे. 'करार' अरबीतून आला आणि कचेरीत, कोर्टात, घरभाड्यात रुळला. भाडेकरारात अनामत, मुदत, नोटीस ही सगळी तजवीज संबंध संपेल त्या दिवसाची असते. शास्त्रातला करार संबंध जोडण्यासाठी असतो. परकी माणसं शपथ घेऊन एकमेकांची जवळची होतात, अशी त्या काळची रीत होती.

हिब्रू शब्द आहे 'बरीथ', आणि हिब्रूत करार 'करत' नाहीत, 'कापतात'. का, ते उत्पत्ति 15 मध्ये दिसतं. देवाने देश द्यायचं वचन दिल्यावर "हे मला मिळेल हे मी कशावरून समजू?" असं अब्राम (पुढे अब्राहाम) विचारतो. देव त्याला 3 वर्षांची कालवड, 3 वर्षांची शेळी, 3 वर्षांचा मेंढा, एक होला आणि पारव्याचं पिल्लू आणायला सांगतो. अब्राम जनावरं मधोमध चिरून अर्धी या बाजूला, अर्धी त्या बाजूला मांडतो. पक्षी तो चिरत नाही. मांसावर घारी-गिधाडं झडप घालतात, त्यांना हाकलत तो बसतो. मधल्या वाटेवरून कोणीतरी चालत जायचं, असा विधी होता. त्याचा अर्थ यिर्मया 34:18-20 मध्ये उघड सांगितला आहे: मी शब्द मोडला तर माझी गत या वासरासारखी होवो. सिद्कीया राजाच्या काळी यरुशलेमातल्या लोकांनी असाच विधी करून गुलामांना मोकळं सोडलं, मग पुन्हा पकडून आणलं, आणि यिर्मयाने त्यांना त्याच वासराची आठवण करून दिली.

आता उत्पत्ति 15:17 नीट वाचा. सूर्य मावळला आहे, अब्रामाला गाढ झोप लागली आहे, आणि त्या तुकड्यांमधून धुमसती शेगडी आणि जळती मशाल पुढे सरकते. अब्राम त्या वाटेवर पाऊलही टाकत नाही. शपथेचा धोका देव एकट्याने स्वतःवर घेतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं असं, की सगळे करार या साच्यातले नाहीत. सीनाय डोंगरापाशी मोशेच्या हातून नियमशास्त्र मिळालं तेव्हा इस्राएल लोकांनीही शब्द दिला, तो मोडला आणि त्याचे परिणाम भोगले. म्हणून कुठल्याही वचनावर बोट ठेवण्याआधी विचारायचं: हा कोणता करार, आणि शपथ कोणी घेतली?

एक पाळक 5 करार शिकवतात, दुसरे 8, तिसरे म्हणतात फक्त 2. नेमके किती? (जालना)

तिघेही वेगवेगळी गोष्ट मोजत आहेत. 5 म्हणणारे देवाने केलेले मोठे ऐतिहासिक करार धरतात: नोहा, अब्राहाम, सीनाय, दावीद आणि नवा करार. 8 म्हणणारे त्यांत एदेन, आदाम आणि वचनदत्त देशाचा करार धरतात. 2 ही मोजणी सुधारित (काल्विनच्या मागून आलेल्या प्रॉटेस्टंट) परंपरेतली आहे. 1647 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात कर्माचा करार आणि कृपेचा करार अशी मांडणी आहे. ती ईश्वरज्ञानाची चौकट आहे. शास्त्रात ही दोन नावं शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. गंमत म्हणजे दावीदाला वचन दिलं त्या 2 शमुवेल 7 मध्ये 'करार' हा शब्दच नाही. त्या वचनाला करार हे नाव 2 शमुवेल 23:5 आणि स्तोत्र 89:3 मध्ये मिळतं.

अभ्यासासाठी 5 सोयीचे. वहीत चार रकाने आखा: कोणाशी, देव काय देणार, माणसाकडे काय मागितलं, चिन्ह कोणतं. नोहाच्या ओळीत पहिल्याच रकान्यात बहुतेकांची चूक होते. तो करार नुसत्या नोहाशी नाही, तर पृथ्वीवरच्या प्रत्येक जिवाशी आहे, गुराढोरांसकट (उत्पत्ति 9:10). चिन्ह मेघांतलं इंद्रधनुष्य, त्याला हिब्रूत लढाईच्या धनुष्याचाच शब्द. अब्राहामाच्या ओळीत चिन्ह सुंता, सीनायच्या ओळीत शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाची विश्रांती (निर्गम 31:16-17). दावीदाचा चिन्हाचा रकाना कोरा राहील. राहू द्या, ओढूनताणून भरू नका.

'मिठाचा करार' म्हणजे काय? (सोलापूर)

खाल्ल्या मिठाला जागणं ज्या भाषेत आहे, तिच्यात हे फार समजवावं लागू नये. मीठ नासत नाही, म्हणून न नासणारा करार. प्रत्येक अन्नार्पणात मीठ घालायची आज्ञा लेवीय 2:13 मध्ये आहे, आणि याजकांच्या वाट्याबद्दलचा कायमचा नियम गणना 18:19 मध्ये मिठाचा करार म्हटला आहे. घराच्या कोपऱ्यात किंवा उंबऱ्यावर मीठ टाकून 'करार करा' असं कोणी सांगत असेल, तर त्याला या वचनांचा आधार नाही.

जुना करार रद्द झाला म्हणतात. मग दहा आज्ञा कशाला पाठ करायच्या? आणि त्या पाळायच्या तर डुकराचं मांस, रक्ती, शनिवार हेही पाळायला नको का? शेजारच्या वहिनी गणपतीत मोदक आणून देतात, त्यांचं काय करायचं? (एक गृहिणी, मिरज)

आधी एक गाठ सोडवू. 'जुना करार' या नावाने आपण दोन गोष्टी ओळखतो: 39 पुस्तकांचा ग्रंथ, आणि सीनायपाशी इस्राएलाशी झालेला करार. इब्री 8:13 मध्ये जुना ठरवला आहे तो दुसरा. ग्रंथ नव्हे. उत्पत्तीची 50 च्या 50 प्रकरणं सीनायच्या आधीची आहेत, आणि नवा करार येणार हे वचनही जुन्याच ग्रंथात आहे (यिर्मया 31:31).

दहा आज्ञांची सुरुवात आज्ञेने होत नाही, हेही पाहा. "तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर काढणारा मी परमेश्वर तुझा देव" हे आधी, आणि मग आज्ञा. तुर्कस्तानात बोगाझकोय इथे हित्ती राजांचे इसवी सनापूर्वी 14 व्या-13 व्या शतकातले तह सापडले, त्यांची ठेवण बरीचशी अशीच आहे: राजाचं नाव, त्याने मांडलिकासाठी आधी काय केलं, मग अटी, मग साक्षीदार, शेवटी आशीर्वाद आणि शाप. सुटका झाली ती आज्ञा पाळल्याचं बक्षीस म्हणून नव्हे. दहांपैकी नऊ आज्ञा नव्या करारात या ना त्या रूपात विश्वासणाऱ्यांना पुन्हा सांगितल्या आहेत. उरला शब्बाथ. प्रेषित पौल आपल्या पत्रांत त्याबाबत कोणाला दोषी ठरवू नका म्हणतो (रोम 14:5, कलस्सै 2:16). अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी ही वचनं वेगळ्या रीतीने समजते आणि शनिवार पाळते.

खाण्याचा प्रश्न पहिल्याच पिढीत पेटला होता. यरुशलेमच्या सभेने (कृत्ये 15) गैरयहूदी विश्वासणाऱ्यांवर सुंता लादली नाही, चार गोष्टी मात्र वर्ज्य करायला सांगितल्या: मूर्तींना अर्पिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं, आणि जारकर्म. डुकराचा उल्लेख नाही. यहूदी आणि गैरयहूदी एका पंगतीला बसावेत म्हणून खाण्याचे नियम होते, असं बहुतेक भाष्यकार मानतात. काही मंडळ्या रक्त आजही वर्ज्यच धरतात. तुमच्या मंडळीत रक्तीवरून कोणाचं मन दुखत असेल तर त्या पंगतीत ती नको. तिच्यावरून तारण ठरत नाही.

मोदकांबद्दल 1 करिंथ 8 आणि 10 सलग वाचा. बाजारातलं मांस चौकशी न करता खा, कोणी जेवायला बोलावलं तर पानात पडेल ते खा, पण "हे अर्पण केलेलं आहे" असं सांगितलं गेलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका (10:25-29). प्रसाद म्हणून दिलेला मोदक या तिसऱ्या प्रकारात मोडतो. वहिनींना दारातच हसून सांगा: "वहिनी, प्रसाद आम्ही घेत नाही, पण चहा घेतल्याशिवाय जाऊ नका." घेऊन नंतर केराच्या टोपलीत टाकणं सगळ्यात वाईट, त्यात खोटेपणाही आला आणि अन्नाचा अपमानही. नाताळात आपल्या करंज्या त्यांच्याकडे जातातच, त्या जाऊ द्या.

सभांमधून सांगतात, अनुवाद (मोशेचं पाचवं पुस्तक) 28 मधले आशीर्वाद 'क्लेम' करा, दशांशावर (दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा) 'कराराचं बी' पेरा, कर्ज फिटेल. माझ्या भावाने उसने पैसे काढून दान दिलं आहे. (छत्रपती संभाजीनगर)

अनुवाद 28 मध्ये 68 वचनं आहेत. पहिली 14 आशीर्वादाची, उरलेली 54 शापांची. ज्याला 14 हवीत त्याने 54 कोणावर सोडली, हे विचारायला हवं. हा मजकूर सीनायच्या कराराचा, एका राष्ट्राशी, एका देशातल्या पावसापाण्याशी आणि शेतीशी बांधलेला. तो एका माणसाच्या ईएमआयला लावता येत नाही. गलती 3:13-14 प्रमाणे ख्रिस्ताने शाप स्वतःवर घेतला आणि आपल्याला अब्राहामाचा आशीर्वाद दिला, आणि त्याच वाक्यात पौल त्या आशीर्वादाचं नाव सांगतो: आत्मा. बंगला नव्हे.

मलाखी 3:10 मधलं भांडार म्हणजे मंदिराचं धान्यकोठार. ते रिकामं पडलं की काय होतं ते नहेम्या 13:10 मध्ये आहे: लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, वाटा मिळेना, ते मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. नियमशास्त्रात दशांशही एकच नाही. लेव्यांसाठी (गणना 18:21), सणाच्या जेवणासाठी (अनुवाद 14:22-26), आणि दर तिसऱ्या वर्षी परदेशी, अनाथ, विधवांसाठी (14:28-29). हा तिसरा कुठल्या सभेत ऐकलात का? नव्या करारात टक्केवारी नाही. मिळकतीप्रमाणे (1 करिंथ 16:2), मनात ठरवल्याप्रमाणे, दुःखाने किंवा जुलमाने नव्हे (2 करिंथ 9:7). 'मिळकतीप्रमाणे' या शब्दात उसने पैसे बसतच नाहीत.

भावाला आधी घेतलेलं कर्ज फेडायला लावा, तोवर नवी रक्कम देऊ नये. दान दिलं तिथे पावती आणि वर्षाचा हिशेब मागावा. ही अविश्वासाची खूण नाही. नहेम्याने भांडारावर याजक, शास्त्री, लेवी आणि एक मदतनीस असे चार विश्वासू लोक नेमले होते (13:13). हिशेब मागताच 'तुम्ही कराराबाहेर गेलात' असं कोणी म्हटलं, तर काय समजायचं ते समजा.

मुलाला नोकरी लागली तर एक वर्ष दर शुक्रवारी उपास करीन असा मी देवाशी करार केला. आता मधुमेहामुळे जमत नाही. शाप लागेल का? (नागपूर)

ताई, हा करार नाही, नवस आहे. करारात पुढाकार देवाचा असतो, नवसात आपला. बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणबत्त्या वाहणाऱ्या सर्वधर्मीयांच्या रांगा पाहिल्या की नवस या मातीत किती खोल मुरला आहे ते कळतं. शास्त्र नवस करायला सांगत नाही. केलास तर फेडायला उशीर करू नकोस, पण न केल्यास पाप नाही, असं म्हणतं (अनुवाद 23:21-23). आणि अडचणीत सापडलेल्यासाठी नियमशास्त्रातच वाट आहे. लेवीय 27 प्रमाणे वाहिलेलं घर किंवा शेत किमतीत पाचवा हिस्सा घालून सोडवून घेता येई, आणि ज्याला ठरलेली रक्कम झेपत नसे त्याच्या ऐपतीप्रमाणे याजक किंमत ठरवी (27:8). उपासाने साखर खाली जाऊन भोवळ येत असेल तर तो उपास देवाला नको आहे. पाळकांशी बोला आणि उपासाच्या जागी झेपेल असं काही ठरवा. शुक्रवारी एखाद्या गरजू घरी डबा पोचवणं, उदाहरणार्थ. अपराधी वाटून घेऊ नका. पुन्हा मात्र असा सौदा नको.

देवाशी करार म्हणून आपण काही करायचंच तर एक नमुना आहे: मेथडिस्ट मंडळ्यांत नवीन वर्षाच्या सुरुवातीला कराराची उपासना होते. जॉन वेस्ली यांनी ती 1755 मध्ये लंडनला घेतली, तिथून ती प्रथा पडली. त्यात नवीन अटी घातल्या जात नाहीत. बाप्तिस्म्यात जे झालं त्याला पुन्हा होकार दिला जातो.

आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, सून बॅप्टिस्ट घराण्यातली. नातवाचा बाप्तिस्मा आता की मोठेपणी? (अहिल्यानगर)

दोन्ही बाजू कराराच्याच आधारावर उभ्या आहेत. बालबाप्तिस्मा मानणारे म्हणतात, अब्राहामाच्या करारात 8 दिवसांचं मूलही होतं (उत्पत्ति 17:12), आणि बाप्तिस्मा सुंतेच्या जागी आला (कलस्सै 2:11-12). बॅप्टिस्ट म्हणतात, नव्या करारात 'लहानापासून थोरापर्यंत सगळे मला ओळखतील' (यिर्मया 31:34), म्हणजे सभासद ओळखणारा हवा. 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा दोन्ही परंपरांच्या मंडळ्या तिच्यात आल्या, म्हणून तिथे दोन्ही रीती मान्य आहेत. बाप्तिस्मा आता, मग कळत्या वयात दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली. किंवा आता समर्पण, म्हणजे बाळाला प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवणं, पुढे त्याच्या स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा. निर्णय आईवडिलांचा. आजी-आजोबांनी तारीख ठरवून हॉल बुक करू नये.

प्रभुभोजनाच्या (भाकर आणि प्याला घेण्याच्या) रविवारी मी मागच्या बाकावरून उठून बाहेर जातो. 'अयोग्य' माणसाने खाल्लं तर दंड ओढवतो असं लहानपणापासून ऐकलं आहे. त्यात तो 'कराराचं रक्त' हा शब्द. भीती वाटते. (पुणे)

1 करिंथ 11:27 मध्ये 'अयोग्य प्रकारे' असं आहे. मूळ ग्रीकमध्येही ते क्रियाविशेषण आहे, म्हणजे खाण्याच्या रीतीबद्दल, खाणाऱ्याच्या लायकीबद्दल नव्हे. ज्यांना पौलाने हे लिहिलं त्या करिंथच्या मंडळीत बिघडलं काय होतं ते 21 व्या वचनात आहे: ज्याचं त्याने आधीच जेवून घ्यायचं, एक उपाशी, दुसरा झिंगलेला. खात्यापित्या घरचे लोक गरिबांची वाट न पाहता जेवून मोकळे होत. पौलाचा दंडाचा इशारा त्या पंगतीसाठी आहे.

आता 'कराराचं रक्त'. हे शब्द निर्गम 24:8 मधले. सीनायच्या पायथ्याशी मोशेने 12 स्तंभ उभारले, बैलांचे यज्ञ झाले, अर्धं रक्त वेदीवर टाकलं, अर्धं पात्रांत ठेवलं. मग कराराचं पुस्तक मोठ्याने वाचलं. "परमेश्वराने सांगितलं ते सर्व आम्ही करू" असं लोक म्हणाले आणि उरलेलं रक्त त्यांच्यावर शिंपडलं गेलं. पुढे 70 वडील डोंगरावर गेले, त्यांनी देवाला पाहिलं आणि खाल्लं-प्यालं. मोशे वर गेला तो 40 दिवस तिथेच राहिला, आणि तेवढ्यात खाली सोन्याचं वासरू तयार झालं. 'आम्ही करू' इतकंच टिकलं. यिर्मया 31:33-34 मध्ये क्रियापदं बदलतात: मी माझं नियमशास्त्र त्यांच्या अंतर्यामी ठेवीन, मी त्यांचा देव होईन, मी त्यांच्या अधर्माची क्षमा करीन. येशूने प्याला उचलून 'माझ्या रक्तातला नवा करार' म्हटलं (लूक 22:20), ते हे वचन पूर्ण होत असल्याचं सांगत. त्या मेजाभोवती कोण बसलं होतं? लूकप्रमाणे येशूला धरून देणाऱ्याचा हातही त्याच मेजावर होता. त्याच रात्री शिष्य पेत्र त्याला नाकारणार होता, बाकीचे पळणार होते. मार्क 14:23 म्हणतं, ते सर्व त्यातून प्याले.

'माणसाने आपली परीक्षा करावी' या वचनाचं पुढचं वाक्य लोक गाळतात: 'आणि मग ती भाकर खावी' (11:28). परीक्षा करून बाहेर जावं असं तिथे नाही. आदल्या शनिवारी दहा मिनिटं बसा. कोणाशी अबोला आहे का, कोणाचे पैसे बुडवले का, कोणाला मंडळीत कमी लेखलं का, ते पाहा. एखादं नाव आठवलं तर फोन करा, शक्य असेल तर त्याच संध्याकाळी (मत्तय 5:23-24). समोरच्याने फोन उचलला नाही तरी तुमचं पाऊल पडलं. कॅथलिक वाचकांसाठी एवढंच, की तुमच्याकडे गंभीर पापाच्या बाबतीत आधी धर्मगुरूंजवळ कबुली देण्याचा नियम आहे, तो पाळा. इतरांनी काही खुपत असेल तर पाळकांशी मोकळेपणाने बोलावं.

आणि रविवारी मागच्या बाकावर बसू नका, मधल्या बसा. भाकर आणि प्याला येईल तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आजींना आधी मिळू द्या. पौलाने करिंथकरांना शेवटी सांगितलं ते हेच: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा (11:33).